आरेकरताईंचं मत

पालघरला आमच्या इमारतीत आरेकरताईंशी कडाक्याचं भांडण केलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. त्या फार गोड होत्या अशातला भाग नाही. भांडायचं म्हटलं तर समोरच्यानं थोडी तरी साथ द्यावी लागते, आणि ती त्या देत नसत. तुम्ही तणतणत त्यांच्या दारात गेलात, की त्या तुम्हांला पोटभर बोलू देत. तुमचं संपलं की म्हणत, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की..." आणि तुमचंच गाऱ्हाणं तुमच्यापेक्षा नीटनेटकं करून तुमच्यापुढे ठेवत. वर विचारत, "असंच ना? काही राहिलं?" आपल्या तक्रारीत काहीही राहिलेलं नाही असं आपणच कबूल केल्यावर पुढे आरडाओरडा करायचा तरी कशासाठी?

त्यांचे यजमान आरेकरसर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. सगळ्यांत जास्त सोसलं ते त्यांनी. जिन्यात भेटले की माझ्याजवळ मन मोकळं करायचे. "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकदा धड भांडता आलेलं नाही हो. मी म्हणतो, आमटीत मीठ जास्त झालंय. ही विचारते, म्हणजे आजच जास्त झालंय, की रोजच असतं असं म्हणायचंय? मी विचार करायला लागतो. तोवर जेवण उरकतं."

मी मूळचा साताऱ्याकडचा. कस्टम्समध्ये निरीक्षक म्हणून लागलो आणि घर परवडतं म्हणून पालघरला आलो. आरेकरताई त्याच खात्यात माझ्याहून बऱ्याच वरच्या जागेवर होत्या आणि माझ्या वरच्याच मजल्यावर राहायच्या. ऑफिसात त्यांना मॅडम म्हणायचं आणि जिन्यात ताई, हा आमचा ठरलेला रिवाज. मला लोकांच्या पोटात काय आहे ते काढून घ्यायची भारी हौस. त्या गुणावर मला नोकरी मिळाली आणि त्याच गुणापायी शेजारी मला टाळतात. पण ताईंच्या बाबतीत माझी विद्या चालेना. कुठल्याही वादात या बाईला स्वतःला काय वाटतं, एवढं एकच मला जाणून घ्यायचं होतं. ते कळायला जी काही वर्षं गेली, त्यांची ही गोष्ट.

ताईंची एक विचित्र सवय मला पहिल्यांदा दिसली ती सोसायटीच्या बैठकीत. तळमजल्यावरचं एक कुटुंब गॅलरीत दोरीवर बोंबील वाळवायचं. त्यांच्या वरच्या कुलकर्णीबाईंना तो वास सहन होत नव्हता. प्रकरण इतकं तापलं होतं, की एकीकडून उदबत्त्यांचे पुडे जळत होते आणि दुसरीकडून मुद्दाम सुकटही बाहेर येत होती. ताई सातपाटीच्या. अख्खं गाव मासळीवर जगतं, त्यामुळे त्या बोंबलाच्या बाजूनं उभ्या राहणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. सेक्रेटरीनं दोघांचं ऐकायचं काम त्यांच्यावर सोपवलं तेव्हा कुलकर्णीबाई मला हळूच म्हणाल्या, "झालं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या."

ताईंनी दोघांना बसवलं. कुलकर्णीबाई अर्धा तास बोलल्या. बोलणाऱ्यापुढे आपण सहज मान हलवतो, हं हं म्हणतो. ताईंची मान सरळ. डोळे समोर. तळमजल्यावाल्यांच्या वेळीही तसंच. मी नंतर विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "मान हलवली की माणूस आपली मान जिकडे हलेल तिकडे बोलायला लागतो. मग ते त्याचं बोलणं राहत नाही." शेवटी त्यांनी कुलकर्णीबाईंची बाजू अशी मांडली, की तळमजल्यावालीच म्हणाली, "अगो बाई, एवढा तरास व्हतो?" आणि तळमजल्याची बाजू अशी मांडली, की कुलकर्णीबाईंना कळलं, सासू अंथरुणाला खिळली आहे आणि वाळवण गच्चीवर नेऊन राखायला घरात दुसरं कोणी नाही. निकाल काय, असं सगळ्यांनी विचारल्यावर ताई म्हणाल्या, "निकाल सेक्रेटरी देतील. मी फक्त अहवाल देते." बोंबील गच्चीच्या समुद्राकडच्या कोपऱ्यात गेले आणि त्यांची राखण वॉचमनकडे आली. पण गंमत अशी, की त्यानंतर कितीतरी दिवस कुलकर्णीबाई सांगत होत्या की आरेकरबाई त्यांच्याच बाजूच्या, आणि तळमजल्यावालीही ठसक्यात तेच सांगत होती. फक्त 'त्यांच्याच' म्हणजे कोणाच्या, ते दोघींचं वेगळं होतं.

हे सगळं ताईंनी कुठे शिकून घेतलं, हे शोधायला मी एका रविवारी त्यांच्याबरोबर सातपाटीला गेलो. त्यांचे वडील बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. दोन बोटींची जाळी समुद्रात एकमेकांत गुंतली आणि कोणाचं जाळं कापायचं यावरून हातघाईवर येण्याची वेळ आली, की लोक त्यांना बोलावत. ते दोघांचं ऐकून घेत, ज्याचं त्याचं म्हणणं त्याला परत सांगत, आणि मगच बोलत. ताईंनी हे मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. आतून मासे साफ करता करता त्यांची आई हसायला लागली.

"कसला न्याय नि कसला काय! तिचा बाप अर्धा बहिरा व्हता. इंजनाजवल बसून बसून कान गेले त्याचे. कोन काय बोलला ते कलायचा नाय, म्हनून परत बोलून बगायचा. लोक म्हनायचे, काय न्यायी मानूस हाय!"

मला वाटलं, ताईंना राग येईल. त्यांनी आईकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे तुझं म्हणणं असं, की बाबांना ऐकू येत नव्हतं म्हणून ते नीट ऐकायचे." म्हातारीनं कोयता खाली ठेवला. "हा. असाच," ती म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली.

आता हरेश्वर मेहेरांकडे यायला हवं. तेही सातपाटीचे, पण धंदा बोईसरला. बंदरावर परदेशातून माल येतो, तो कागदपत्रं करून, शुल्क भरून सोडवून आणायचा, हे त्यांचं काम. कायद्याच्या भाषेत कस्टम्स ब्रोकर, बोईसरच्या भाषेत क्लिअरिंगवाला. तारापूर एमआयडीसीतल्या कितीतरी कारखान्यांचा माल त्यांच्या हातून जायचा. त्यातल्या एका कंपनीची पिंपं बंदरावर उघडली, तेव्हा आत जे निघालं ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. कंपनीचा मालक परागंदा झाला. हाताशी राहिले हरेश्वर. त्यांचा परवाना त्याच आठवड्यात निलंबित झाला.

आमच्या खात्यात परवाना आधी निलंबित होतो आणि माणसाचं म्हणणं त्यानंतर ऐकलं जातं. मग सविस्तर चौकशीसाठी एक अधिकारी नेमतात. तो दोन्ही बाजू ऐकतो, साक्षीदार तपासतो आणि आयुक्तांना अहवाल देतो. निर्णय आयुक्तांचा, पण आयुक्तांपुढे जाते ती त्या अहवालातलीच दुनिया. हरेश्वरांवर दोन आरोप होते. मालकाच्या लबाडीत ते सामील होते, हा पहिला. कंपनी खरोखर त्या पत्त्यावर आहे का, याची त्यांनी नीट खातरजमा केली नाही, हा दुसरा. पहिला सिद्ध झाला तर परवाना कायमचा जाणार होता. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला मग दुसरा कोणता धंदा येणार? त्यांच्या ऑफिसातली सात-आठ माणसं रोज येऊन अर्ध्या ओढलेल्या शटरमागे नुसती बसून राहायची. फोन वाजायचा तो गिऱ्हाईक दुसरीकडे चाललं आहे हे सांगायलाच.

चौकशी अधिकारी म्हणून आरेकर मॅडमची नेमणूक झाली. खात्याची बाजू मांडायला मी.

त्या दिवसापासून ताई मला ओळखेनाशा झाल्या. जिन्यात समोर आलो तर भिंतीकडे पाहून जात. स्टेशनवरून घरी यायला मी रिक्षात बसलो असेन तर त्या दुसरी रिक्षा करत. एका संकष्टीला आरेकरसर प्रसादाची वाटी घेऊन आमच्याकडे यायला निघाले, तर वरून आवाज आला, "अहो, कुठे?" सर जिन्यातच थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमची ती चौकशी संपली की देतो." आणि त्यांनी जिन्यात उभ्या उभ्या तो मोदक खाऊन टाकला. मला हसूही येत होतं आणि खरं सांगायचं तर रागही येत होता. मला टाळतात, पण हरेश्वर तर यांच्याच सातपाटीचे, तिकडच्या गाठीभेटी कोण बघणार, असं मी मनात म्हणायचो. मग कानावर आलं, की ताईंनी रविवारी सातपाटीला जाणंही कमी केलंय, आणि गेल्याच तर मागच्या गल्लीनं जातात, कारण पुढच्या गल्लीत मेहेरांचं घर आहे.

साक्षीदार सगळे बोईसरचे, म्हणून मॅडमनी तिथल्या एका सरकारी इमारतीतली खोली मागून घेतली. दुपारनंतर एका खुर्चीवर थेट ऊन यायचं. पहिल्या दिवशी तिथे हरेश्वर बसले होते आणि डोळे बारीक करून उत्तरं देत होते. मॅडमनी ते पाहिलं, चौकशी थांबवली आणि आम्हांला खुर्च्या बदलायला लावल्या. "अर्धा वेळ ऊन त्यांच्याकडे, अर्धा वेळ तुमच्याकडे," त्या मला म्हणाल्या. खात्याच्या अधिकाऱ्याला उन्हात बसवलेलं हरेश्वरांच्या वकिलांना फार आवडलं. त्यांनी तसं तोंडावर दाखवलंही. मॅडमनी त्यांच्याकडेही पाहिलं नाही.

मग नारळी पौर्णिमा झाली, बोटी समुद्रात गेल्या. त्यानंतरच्या तारखेला आम्ही बसतो न बसतो तोच मॅडम टायपिस्टला म्हणाल्या, "आधी माझंच एक निवेदन घ्या."

त्यांनी जे सांगितलं ते असं. हरेश्वरांच्या भावाच्या बोटीच्या पहिल्या फेरीतल्या मासळीचा वाटा सातपाटीला त्यांच्या आईच्या घरी गेला. आईनं तो घेतला. त्या दिवशी त्या आईकडे जेवायला होत्या. "कालवण मी खाल्लं. म्हावरं कुठून आलं ते मला नंतर कळलं. यावर कोणत्याही बाजूची हरकत असेल तर ही चौकशी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी, अशी शिफारस मी आजच करते."

हरेश्वर ताडकन उठले. एरवी आमच्यासमोर ते जपून, पुस्तकी मराठीत बोलायचे. ती कुठल्या कुठे गेली.

"मॅडम, तो वाटा हाय! लाच नाय! आमचे पाड्यात पयली बोट आली का घरटी वाटा जातो. तुमचे बापूस होते तवापासून तुमचे घरी जातो. माझे भावाला काय ठाऊक, हितं काय चाललंय ते? ते कागदावर नका घालू, मॅडम. उद्या लोक बोलतील, हरेश्वरने म्हावरं देऊन लायसन सोडवला. मग कोन कोनाला वाटा पाठवील?"

त्यांचे वकील कोट ओढून त्यांना खाली बसवू पाहत होते. मॅडमनी वकिलांना हातानं थांबवलं.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं, की पहिल्या फेरीचा वाटा गावात प्रत्येक घरी जातो, तसाच तो गेला. तुमच्या सांगण्यावरून गेला नाही. आणि तो या चौकशीच्या कागदावर आला, तर गावाच्या चांगल्या रीतीला लाचेचा वास लागेल. असंच ना?"

"हा. असाच. म्हनून लिवू नका."

"लिहावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "त्याच्याच खाली तुमचं हे म्हणणंही येईल."

टायपिस्टनं विचारलं, "मॅडम, 'लाच नाय' चं 'लाच नव्हे' करू?"

"ते बोलले तसंच राहू द्या."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. खात्याची हरकत आहे, एवढं मी म्हटलं असतं की अधिकारी बदलला असता. नवा अधिकारी म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि तोवर हरेश्वरांचं शटर अर्धंच. हरेश्वर हात जोडून उभे नव्हते, पण त्यांची नजर माझ्यावरून हलत नव्हती. मी बाहेर जाऊन माझ्या साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "बाईचा कल कोणीकडे दिसतोय?"

मी खरं ते सांगितलं. "साहेब, इतक्या तारखा झाल्या, मला सांगता येत नाही."

"तुला सांगता येत नाही? तू तर शेजारी ना तिचा?" मग ते हसले. "असं असेल तर बदलून काय करू? राहू दे."

हरकत नाही, असं मी आत येऊन सांगितलं. हरेश्वरांच्या वकिलांनीही तेच सांगितलं. मॅडमनी दोन्ही नोंदवून घेतलं आणि चौकशी पुढे सुरू झाली. सातपाटीला मात्र त्या निवेदनानं चांगलाच गोंधळ झाला. मासळीच्या वाट्याएवढ्या साध्या गोष्टीला सरकारी शिक्का लागला म्हणून ताईंच्या आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. सर मला हे नंतर सांगत होते, तेव्हा त्यांचाही चेहरा पडला होता. "तिनं आईचं म्हणणंसुद्धा आईला परत सांगून बघितलं," ते म्हणाले. "पण म्हातारी 'असाच' म्हणालीच नाही."

हरेश्वरांनी एक साक्षीदार मागितला, तेव्हा मी खरा पेटलो. त्या कंपनीच्या फाटकासमोर रामसजीवन नावाच्या माणसाची चहाची टपरी होती. कंपनी चालू आहे का, हे बघायला हरेश्वर स्वतः तिथे गेले होते आणि त्यांनी या टपरीवाल्याला विचारलं होतं, हा त्यांचा बचाव. बोईसरमध्ये हे सगळेच करतात. कागद खोटा असू शकतो, बोर्ड खोटा असू शकतो, पण कुठल्या कारखान्याची पाळी कधी सुटते आणि कुठल्या कारखान्याला टाळं लागलंय, हे टपरीवाल्याला चुकत नाही. मी म्हटलं, नियमात खातरजमा म्हणजे कागदपत्रांची खातरजमा. चहावाल्याचा शब्द हा पुरावा कसा होईल? मी दणकून बोललो. मॅडमनी माझं म्हणणं मला परत सांगितलं, ते इतकं झकास की मला वाटलं, जिंकलो.

मग त्या म्हणाल्या, "साक्षीदार नाकारायचा तर मला कारण लिहावं लागतं. तुम्ही दिलेलं कारण मी मनात लिहून पाहिलं. ते पुरत नाही."

रामसजीवन टपरी मेव्हण्यावर सोपवून आला. धुतलेला शर्ट, कपाळाला गंध. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. हरेश्वरांच्या वकिलांनी त्याला विचारलं, शेठ आले होते का?

"आए थे साहब. चाय पी. पूछे, कंपनी चालू है? हम बोले, चालू है. गेट पर बोर्ड था, धुआँ था, गाड़ी आती-जाती थी. झूठ काहे बोलेंगे?"

वकिलांनी विजयी नजरेनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसले. मला उलटतपासणीत फारसं काही सुचेना. मी दोन-चार फुटकळ प्रश्न विचारून बसलो. रामसजीवन उठायला लागला, तेव्हा मॅडमनी विचारलं, "और कुछ पूछा था सेठ ने?"

"नहीं मैडम," तो म्हणाला. "चालू तो थी. किसकी चालू थी, ये किसी ने पूछा ही नहीं."

प्लॉट त्या कंपनीच्या नावावर होता, बोर्ड तिचाच होता, पण आतली शेड तिनं केव्हाच दुसऱ्याला भाड्यानं दिली होती. धूर त्या दुसऱ्याचा होता. हरेश्वर गेले होते हे खरं, आणि ज्याला सगळं ठाऊक होतं त्याच्यासमोर बसून, चहा पिऊन, नेमका तो एक प्रश्न न विचारता परत आले, हेही खरं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल वाईट वाटलं. मी चटकन मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आता तरी काही दिसेल, असं वाटलं होतं. त्या रामसजीवनला त्याची साक्ष त्याच्याच हिंदीत परत सांगत होत्या, आणि शेवटी विचारत होत्या, "ऐसा ही ना? कुछ छूट गया?"

अहवालाची प्रत दोन्ही बाजूंना मिळाली. मी ती घरी आणून वाचली. खात्याची बाजू मी मांडली होती त्याहून तिथे भक्कम उभी होती. पुढे हरेश्वरांची बाजू वाचली. ती वाचताना मला वाटायला लागलं, की हा माणूस निर्दोषच आहे, मीच इतके दिवस काय करत होतो? निष्कर्ष दोन ओळींचे होते. लबाडीत सामील असल्याचा आरोप सिद्ध झालेला नाही. पत्त्याची पुरेशी खातरजमा न केल्याचा आरोप सिद्ध झाला आहे. आयुक्तांनी ते तसंच मान्य केलं. निष्काळजीपणाबद्दल दंड झाला, पण परवाना परत मिळाला.

बोईसरला हरेश्वरांचं शटर पूर्ण वर गेलं. काही दिवसांनी मी दुसऱ्या कामासाठी तिकडे गेलो होतो, तेव्हा त्यांनी रस्त्यातच मला गाठलं. राग नाही, काही नाही, उलट खांद्यावर हात. आत त्यांची माणसं फोनवर बोलत होती, एकजण बंदरावर जायला निघाला होता.

"दंड झाला तो बराबर झाला," ते म्हणाले. "माजी चूक होती. पन साहेब, बाई बाकी खरी! पयल्या दिवसापासून तिने मना ओलखला. सातपाटीची हाय ना. मानूस खरा का खोटा, ते आमाला डोल्यात दिसते."

मी तडक घरी आलो आणि वरच्या मजल्यावर गेलो. इतके दिवस दाबून ठेवलेला प्रश्न आता दाबवत नव्हता. ताईंनीच दार उघडलं. मी म्हटलं, "ताई, संपलं ना आता सगळं? मग सांगा तरी. हरेश्वरांबद्दल तुमचं स्वतःचं मत काय होतं?"

"अपिलाची मुदत अजून आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. फार हळू लावलं, पण लावलंच.

मी वाट पाहिली. मुदत संपली, कोणीही अपील केलं नाही. पण तोवर ताईंची बदली पूर्वेकडच्या एका बंदरावर झाली होती. सामानाचा टेम्पो सकाळीच गेला. सर कॉलेज सोडता येईना म्हणून मागे राहणार होते आणि उगाचच बॅगांची मोजदाद करत होते. ताईंची आई सातपाटीहून आली होती. ती लेकीशी बोलायला लागली होती, आणि प्रवासात खायला दिलेल्या सुक्या सोड्यांचा वास डब्यातून येत होता. कुलकर्णीबाईसुद्धा नाकाला पदर न लावता निरोप द्यायला खाली आल्या होत्या. ताई टॅक्सीत बसल्या. मी दारावर हात ठेवून वाकलो.

"ताई, आता तर मुदतही संपली. एवढं सांगून जा."

मला वाटलं होतं, त्या माझा प्रश्नच मला नीट करून परत देतील. त्यांनी तसं केलं नाही. ड्रायव्हर डिकी लावत होता, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सामील होता," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी खोलीत आला तेव्हाच मला वाटलं, हा सामील आहे."

मी विचारलं, "आणि टपरीवाल्याच्या साक्षीनंतर?"

"तेव्हाही वाटत होतं."

"अहवाल लिहिताना?"

"लिहितानाही. आत्ताही वाटतं."

"मग ताई, सिद्ध झालेलं नाही असं कसं लिहिलंत?"

"झालेलं नव्हतंच ना," त्या म्हणाल्या. "माझं वाटणं कुठल्या साक्षीत होतं? आणि ते चुकीचंही असेल."

ड्रायव्हर येऊन बसला. त्यानं गाडी सुरू केली. मी दारावरचा हात काढला, तेव्हा ताईंनी काच थोडी खाली केली.

"हरेश्वरला हे कधी सांगू नका," त्या म्हणाल्या. "त्याची सुनावणी झालीय."

टॅक्सी फाटकातून बाहेर पडून मनोरच्या रस्त्याला लागली.